हरलेला डाव पुन्हा बघताना

स्ट्रीट फायटर 6 घरी आला त्या रात्री जेवणं उरकली आणि मी पहिल्या ऑनलाइन लढतींना बसलो. नव्या खेळाडूची पातळी ठरवण्यासाठी हा गेम आधी दहा लढती खेळवतो. चौथ्या लढतीत माझं पात्र रियू होतं, समोरच्याचं केन. पहिली फेरी मी घेतली. दुसऱ्या फेरीत त्यानं मला रेटत पडद्याच्या कडेला नेलं आणि एकच फटका तीनदा टाकला. रंगाचे फवारे उडवत येणारा, दिसायला सावकाश, पण लागला की भिंतीवर आपटवणारा. तिन्ही वेळा मला तो लागला. तिसरी फेरीही तशीच गेली.

मग मी त्या लढतीचं रेकॉर्डिंग उघडलं. पडद्यावर बारीक चौकटींची एक पट्टी आली. एक चौकट म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. कोणत्या क्षणी कोणाचा ठोसा निघाला, कोण अडकला होता, कोण मोकळा होता, हे सगळं त्या पट्टीवर वेगवेगळ्या रंगांत मांडलेलं होतं. केनचा फटका निघत होता तेव्हा तिन्ही वेळा मी स्वतः ठोसा मारत होतो. आणि या फटक्याचा गुणच असा की तो समोरच्याचे दोन वार अंगावर झेलतो आणि तरीही थांबत नाही. माझी बोटं मंद पडली नव्हती. जिथं हात आवरायचा, तिथं मी हात उगारत होतो.

आठवडाभर खेळल्यावर मनावर उमटलेला सर्वांत ठळक ठसा हाच आहे. लढतीचे गेम मी लहानपणापासून खेळत आलो. पण आपण का हरलो, हे इतक्या सरळपणे समोर ठेवणारा गेम मला पहिल्यांदाच भेटला.

नाण्याच्या बदल्यात शिकवणी

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या अनेक गावांत व्हिडिओ गेमची पार्लरं होती. एसटी स्टँडजवळचा एखादा गाळा, आत अंधार, चार-पाच यंत्रं आणि प्रत्येकाभोवती मुलांचा गराडा. 1993 सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'ला तिथं कोणी त्याच्या नावानं ओळखत नसे. त्यातल्या मुस्तफा या पात्रावरून अख्ख्या गेमचंच नाव 'मुस्तफा' पडलं होतं. तो गेम बनवणारी जपानी कंपनी कॅपकॉम, आणि शेजारच्या यंत्रावरचा स्ट्रीट फायटरही तिचाच.

आमच्या पार्लरमध्ये एक थोराड मुलगा यंत्राच्या कडेला टेकून उभा असायचा. कोणी हरलं की तो विचारायचा, ‘‘कळलं का, कुठं चुकलास?’’ आणि मग सांगायचा. उडी मारून आत जाऊ नकोस, तो त्याचीच वाट बघतोय. खाली बसून अडव. आमची सगळी विद्या अशी तोंडोतोंडी आलेली. ज्याच्या गावात असा दादा नव्हता, त्याची नाणी संपायची आणि हार तशीच न उलगडता राहायची.

या मालिकेचा पहिला गेम 1987 चा. त्याच्या मूळ यंत्राला ठोशासाठी एक आणि लाथेसाठी एक अशी दोन जाड गाद्यांसारखी बटणं होती. जितक्या जोरात हाणाल तितका फटका जड. पुढे त्यांच्या जागी सहा बटणं आली: हलका, मध्यम आणि जड ठोसा, आणि तशाच तीन लाथा. 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 नं हीच मांडणी घराघरांत पोचवली आणि आज सहाव्या भागातही मूळ पद्धत तीच आहे. एकामागून एक सुटका न देता बसणारे वार, म्हणजे ज्याला आपण 'कॉम्बो' म्हणतो, तेही याच दुसऱ्या भागाचं देणं. ते आधी ठरवून केलेलं नव्हतं. गाडी फोडण्याचा जो बोनस टप्पा आहे तो तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की वेळ अचूक साधली तर दोन वारांच्या मध्ये आणखी एक वार बसतो. त्यांनी ती गोष्ट काढून टाकली नाही. तिच्यावर पुढे लढतीच्या गेमांचा सगळा प्रकारच उभा राहिला.

तीन दारं

जून 2023 मध्ये आलेल्या या सहाव्या भागात शिरलं की समोर तीन दारं दिसतात. 'फायटिंग ग्राउंड' हा मूळ आखाडा: दोन पात्रं, तीनांतल्या दोन फेऱ्या, वर 99 चं घड्याळ. 'बॅटल हब' हा जगभरच्या खेळाडूंचा अड्डा. तिथं आपण घडवलेलं पात्र घेऊन फिरता येतं, रिकाम्या यंत्रासमोर बसायचं, समोरच्या बाजूला कोणी येऊन बसलं की लढत सुरू. जुन्या पार्लरची ही आठवण ठरवून जपलेली आहे. तिथल्या काही यंत्रांवर कॅपकॉमचे जुने गेमही खेळायला मिळतात.

तिसरं दार 'वर्ल्ड टूर'. त्यात एकट्यानं खेळायची लांबलचक कथा आहे. मेट्रो सिटी नावाच्या शहरात आपलं पात्र ल्यूककडे तालीम सुरू करतं आणि मग चुन-ली, रियू, झांगिएफ अशा एकेका गुरूकडून डाव उचलतं. रस्त्यावरच्या कोणाशीही लढायला मिळतं आणि त्या किरकोळ लढतींतून हात बसत जातो. कथेत फार गुंतागुंत नाही, पण ज्यानं या प्रकारचा एकही गेम खेळलेला नाही त्याला मी याच दारातून आत पाठवीन. इथं हरण्याचं ओझं नसतं आणि एका वेळी एकच गोष्ट शिकायला मिळते.

सुरुवातीला 18 पात्रं आहेत. पुढच्या दोन वर्षांत दर वर्षी चार, अशी आणखी आठ पात्रं आली, ती वेगळी मिळवावी लागतात. नव्या माणसाला त्यांची गरज नाही. एकच पात्र धरून बसणं, हा जुन्या खेळाडूंचा सल्ला मलाही पटला. प्रत्येक पात्राची ओळख करून देणारा स्वतंत्र पाठ गेममध्ये आहे: त्याचा जोर कशात, कोणता वार कशासाठी, कोणता वार जपून वापरायचा.

पाव वर्तुळ की एक बटण?

रियूचा आगीचा गोळा, म्हणजे हाडोकेन, टाकायचा तर काठी खाली, खाली-पुढे आणि पुढे अशी पाव वर्तुळात फिरवून ठोशाचं बटण दाबावं लागतं. झांगिएफच्या गाजलेल्या पकडीसाठी पूर्ण वर्तुळ. शाळकरी वयात आमची निम्मी सुट्टी या वर्तुळांत गेली. ज्याला ते जमलं नाही, तो या खेळाला कायमचा पारखा झाला.

सहाव्या भागानं इथं एक धाडसी निर्णय घेतला आहे. 'क्लासिक' ही जुनी सहा बटणांची पद्धत आहेच. तिच्या जोडीला 'मॉडर्न' पद्धत आली. तिच्यात एक दिशा आणि एक बटण, एवढ्यावर खास डाव निघतो. त्याची किंमतही आहे. असा सोपा करून टाकलेला खास डाव 20 टक्के कमी नुकसान करतो, आणि काही साधे ठोसे-लाथा या पद्धतीत मिळतच नाहीत. दोन्ही पद्धतींचे खेळाडू एकमेकांविरुद्ध सर्रास खेळतात.

यावर खेळाडूंमध्ये वाद आहेत. मी क्लासिकवर वाढलो, तरी मला मॉडर्न पद्धत न्याय्य वाटते. पाव वर्तुळ हा खेळाचा उंबरठा होता, घर नव्हे. गोळा कधी टाकायचा, किती अंतरावरून टाकायचा, तो टाकताना समोरचा उडी मारणार आहे का, खरा खेळ तिथं सुरू होतो. गोळा टाकून समोरच्याला अडवायचं, वैतागून त्यानं उडी मारली की वर झेपावणाऱ्या ठोशानं त्याला हवेतच गाठायचं, हा 1991 पासूनचा डाव आजही पहिल्या धड्यासारखा शिकवला जातो. त्यात मनगटापेक्षा नजरेचं काम जास्त आहे.

दृष्टी अधू असलेल्यांचाही विचार इथं झालेला दिसतो. प्रतिस्पर्धी किती दूर आहे, वार उंच बसला की खाली, अशा गोष्टी वेगवेगळ्या आवाजांनी कळवण्याची सोय ध्वनीच्या पर्यायांमध्ये आहे. मी डोळे मिटून थोडा वेळ ती ऐकली. प्रतिस्पर्धी जवळ येतोय हे खरोखर कानाला कळतं.

सेकंदाचे साठ तुकडे

हा खेळ सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे 60 फ्रेम, या गतीनं चालतो. एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. रियूचा उभ्यानं मारलेला हलका ठोसा निघायला चार फ्रेम लागतात. पकड निघायला पाच. डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर माणसाचं बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे 15 फ्रेम. याचा सरळ अर्थ असा की हलका ठोसा किंवा पकड 'बघून' टाळणं कोणत्याही माणसाला शक्य नाही. ती आधी ओळखावी लागते.

मला भिंतीवर आपटणाऱ्या त्या फटक्याचं नाव 'ड्राइव्ह इम्पॅक्ट'. तो निघायला 26 फ्रेम लागतात. म्हणजे पाव सेकंदात तो दिसला तरी उत्तराला थोडी सवड उरते. उत्तर काय, तर तोच फटका उलट टाकायचा. नंतर टाकणाऱ्याची सरशी होते. हा आकडा कळला आणि माझी भीती ओसरली. जे टाळता येत नाही असं वाटत होतं, ते टाळता येण्यासारखंच बनवलेलं होतं. मात्र त्यासाठी हात मोकळा हवा. सतत बटणं बडवणाऱ्याचा हात कधीच मोकळा नसतो.

सहा खणांची शिल्लक

प्रत्येक पात्राच्या आयुष्याच्या पट्टीखाली सहा खणांची आणखी एक पट्टी असते. हा ड्राइव्हचा साठा. मागच्या भागांमध्ये असा साठा बहुधा रिकाम्यापासून सुरू होई आणि लढत रंगता रंगता भरे. इथं सहाही खण सुरुवातीलाच भरलेले मिळतात आणि ते कसे खर्चायचे, यावर लढत ठरते.

ड्राइव्ह इम्पॅक्टला एक खण. आगीचा गोळा किंवा दुसरा खास डाव अधिक जोरकस करायचा तर दोन. वार अडवता अडवता समोरच्याला मागे ढकलून सुटका करून घ्यायची तर दोन. वार चालू असतानाच पुढे धाव घेऊन कॉम्बो लांबवायचा तर तीन. नुसता बचाव करत राहिलं तरी साठा झिजतो. उलट थोडी उसंत मिळाली, पुढे चालत गेलं की तो भरत जातो.

सगळे खण संपले की पात्र 'बर्नआउट'मध्ये जातं. ते करडं पडतं, ड्राइव्हचे सगळे डाव बंद होतात, अडवलेले खास वारही थोडंथोडं आयुष्य कुरतडतात. अशा वेळी कडेला असताना ड्राइव्ह इम्पॅक्ट अडवला तरी पात्र भोवंडून जागच्या जागी उभं राहतं. पगार झाल्या झाल्या सगळा उडवला तर महिनाअखेरीला काय होतं, ते इथं दीड मिनिटात कळतं.

मला ही रचना फार आवडली. नवखा माणूस पहिल्या सेकंदापासून सगळी हत्यारं वापरू शकतो, आणि मुरलेल्याची परीक्षा त्यांच्या हिशेबात होते.

मार, पकड, बचाव

कुस्तीत जशी डावाला प्रतिडावाची साखळी असते, तशीच इथं. बचाव करणाऱ्याला वार लागत नाही. बचाव करत बसलेल्याला पकडीत घेता येतं. पकडायला आलेल्याला वार करून थोपवता येतं, किंवा उडी मारून चुकवता येतं. यांतला एकही पर्याय सर्वश्रेष्ठ नाही, म्हणून समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखणं भाग पडतं. मी दोनदा पकडला गेलो की तिसऱ्यांदा सुटायची घाई करतो, हे माझ्या आधी माझ्या प्रतिस्पर्ध्यांना कळलं होतं. रेकॉर्डिंग बघितल्यावर मला कळलं.

अंतर हा या साखळीचा चौथा पदर, आणि तो शिकायला धालसिमसारखा गुरू नाही. 1991 च्या आठ पात्रांपैकी हा भारतीय योगी सहाव्या भागातही पहिल्या दिवसापासून आहे. त्याला मारामारी आवडत नाही, गावाच्या भल्यासाठी तो लढतो, आणि गळ्यातल्या कवट्या गावात साथीत दगावलेल्या मुलांच्या आठवणीसाठी आहेत, अशी त्याची कथा. लांबून बघणाऱ्यांनी रंगवलेला हा भारत आहे, हत्ती आणि योगासनांचा, तो आपल्या ओळखीचा नाही. पण खेळ म्हणून त्याची घडण विलक्षण आहे. त्याचे हातपाय रबरासारखे लांब जातात आणि दूरच्याला गाठतात. मात्र लांबवलेल्या हातावरच कोणी वार केला तर तो त्यालाच लागतो. दोघांच्या मधली जागा कोणाची, हा एकच प्रश्न धालसिमविरुद्धची प्रत्येक लढत विचारत राहते.

सगळा भर असा ओळखण्यावर आहे, म्हणूनच या खेळात वय फारसं आड येत नाही. 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत मागच्या, म्हणजे पाचव्या भागावर पदकासाठी लढती झाल्या. सुवर्णपदक जिंकणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू तेव्हा 44 वर्षांचा होता.

समुद्रापलीकडचा प्रतिस्पर्धी

पार्लरमध्ये प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून उभा असे. आता तो कुठल्याही देशात असतो, आणि सेकंदाच्या साठाव्या भागाचा हिशेब असलेल्या खेळात ही मोठीच अडचण आहे. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे 4,000 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश सरळ रेषेत गेला तरी जाऊन-येऊन 40 मिलिसेकंद, जवळजवळ अडीच फ्रेम, निव्वळ प्रवासात गेल्या. प्रत्यक्षात वाट वाकडी असते आणि वेळ त्याहून जास्त लागतो.

जुन्या पद्धतीत दोन्ही यंत्रं एकमेकांच्या बटणांची वाट बघत आणि खेळ चिखलातून चालल्यासारखा होई. नवी पद्धत 'रोलबॅक'. तिच्यात यंत्र थांबत नाही. समोरच्यानं आत्ता जे बटण धरलं आहे तेच तो पुढच्या फ्रेमलाही धरून असेल, असं गृहीत धरून ते खेळ पुढे नेतं. माणूस सेकंदात साठ वेळा विचार बदलत नाही, म्हणून अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. खोटा ठरला तर यंत्र काही फ्रेम मागे जातं, खरी बटणं घालून तेवढा खेळ क्षणात पुन्हा मोजतं आणि पुढे येतं. डोळ्यांना फार तर एखादा हिसका जाणवतो. लढतीच्या गेमांत ही पद्धत रुजवली टोनी कॅनन यांनी, 2006 साली केलेल्या जीजीपीओ या प्रणालीतून. ते स्वतः याच खेळाचे खेळाडू. दूर राहणाऱ्या दोस्तांशी नीट खेळता यावं, या तळमळीतून हे काम उभं राहिलं.

माझ्या अनुभवात आशियातल्या बऱ्याच लढती सुरळीत झाल्या. जोडणी वायरची असेल तर फरक पडतो. समोरच्याची वायर आहे की वायफाय, हेही लढतीआधी दिसतं.

पुन्हा तोच क्षण

मे 2024 मध्ये या गेमला एक सोय जोडली गेली. रेकॉर्डिंग बघताना हव्या त्या क्षणी ते थांबवायचं आणि तिथून पुढे आपल्या पात्राची सूत्रं स्वतःच्या हातात घ्यायची. समोरचा मात्र त्या दिवशी जे खेळला तेच खेळत राहतो.

रविवारी माझा भाचा आला होता. त्याला मी ती केनविरुद्धची लढत दाखवली. पहिला ड्राइव्ह इम्पॅक्ट लागला, दुसरा लागला. त्यानं रिमोट मागावा तसा कंट्रोलर मागितला आणि विचारलं, ‘‘मामा, इथं तू काय करायला हवं होतंस?’’

मी रेकॉर्डिंग तिसऱ्या फटक्याच्या जरा आधी थांबवलं आणि सूत्रं घेतली. ठोसा मारायचा नाही, फक्त बघायचं. रंगाचे फवारे उडाले, मी उलट फटका टाकला, उशिरा. पुन्हा मागे नेलं. पुन्हा उशीर. पाचव्या खेपेला केन भिंतीवर आपटला. मग कंट्रोलर भाच्याकडे दिला. त्याला सात खेपा लागल्या.

रेकॉर्डिंगमधला केन दर वेळी तोच फटका टाकणार, हे आम्हाला ठाऊक होतं. खरा माणूस तसं करणार नाही. मी वाट बघतोय हे कळलं की तो फटक्याचा देखावा करून पकडायला येईल, आणि मग पुन्हा रेकॉर्डिंग उघडावं लागेल. पण पार्लरमध्ये यंत्राच्या कडेला टेकलेल्या त्या मुलाच्या प्रश्नाला तेव्हा मी नेहमी मान खाली घालून 'नाही' म्हणायचो. आता त्याच प्रश्नाचं उत्तर मी भाच्याला बोट ठेवून दाखवू शकतो: हा बघ, इथं, या चौकटीत.